चुलीचा धूर, गावाची हवा आणि फुप्फुसांचा कर्करोग

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषय शोधावा लागला नाही. वसतिगृहाच्या जुन्या स्वयंपाकघराची काळीकुट्ट भिंत डोळ्यांसमोर उभी राहिली. त्या काळी शिकलेल्या सर्वांना ती आठवत असेल. कौलारू छप्पर, एकच लहान खिडकी, शेजारी शेजारी दोन मोठ्या चुली आणि त्यांच्यापुढे बसलेल्या आमच्या मावशी. पहाटे चारला त्यांचा दिवस सुरू होई. शंभरावर मुलांच्या भाकरी थापता थापता त्या अधूनमधून फुंकणी हाती घेत, निखाऱ्यांजवळ तोंड नेऊन जोराने फुंकत आणि दुसरी फुंक घालण्यासाठी तितक्याच जोराने श्वास आत ओढत. श्रावणात जळण ओले असले की स्वयंपाकघरात माणूस दिसत नसे, केवळ खोकल्याचा आवाज येई. आम्ही मुले ताट घेऊन दारात उभे राहत असू आणि डोळ्यांना पाणी आले म्हणून हसत असू.

पुढे वैद्यकीय शिक्षण घेऊन छातीच्या विकारांवर उपचार करण्याच्या कामात मी पडलो. अनेक वर्षांनी एके दिवशी मावशी कागदांची पिशवी घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. सात महिने खोकला होता. कुठेतरी क्षयरोगाचे औषध सुरू करण्यात आले होते. थुंकीत जंतू एकदाही सापडले नव्हते, तरी सहा महिने गोळ्या चालूच होत्या. वजन निम्म्यावर आले होते. सीटी स्कॅन आणि तुकडा तपासणी झाल्यावर निदान स्पष्ट झाले: फुप्फुसाचा कर्करोग, तोही पसरलेला. त्यांना ते सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “बाळा, मी कधी बिडी वढली न्हाई, मिश्री बी लावली न्हाई. मग ह्यो रोग मला कसा झाला रं?”

मावशी त्याच वर्षी गेल्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मला नीट देता आले नाही. आज ते जेवढे देता येते, तेवढे या लेखात मांडत आहे.

सायंकाळच्या वंदनेनंतर डोळे मिटून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे पाहण्यास आपल्याला या शाळेत शिकविले गेले. त्या श्वासाबरोबर आत काय जाते, याचा विचार मात्र त्या वयात कोणी केला नाही. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे १० ते ११ हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा श्वासनलिकेच्या फाटत जाणाऱ्या फांद्यांतून जाऊन शेवटी वायुकोशांत पोहोचते. अशा वायुकोशांची संख्या ३० ते ५० कोटींच्या घरात असते. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात, की हवेतील प्राणवायू तेथून थेट रक्तात उतरतो. एवढ्या नाजूक जागेच्या रक्षणाची व्यवस्था निसर्गाने अर्थातच केली आहे. मोठी धूळ नाकातील केसांत अडकते. त्याहून बारीक धूळ श्वासनलिकेतील चिकट द्रवात रुतते आणि तेथील सूक्ष्म केसांसारखे तंतू तिला वर ढकलीत घशापर्यंत आणून सोडतात. रस्त्यावरून आल्यावर काळी थुंकी पडते, ती याच पहारेकऱ्यांची कामगिरी.

परंतु ही व्यवस्था धुळीसाठी आहे, धुरासाठी नाही. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो. धुरातील बहुतेक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. वर्तमानपत्रांत ‘पीएम २.५’ असे जे छापून येते, ते हेच कण. ते नाकात अडकत नाहीत, द्रवात सगळे रुतत नाहीत; थेट वायुकोशांपर्यंत जातात आणि पुष्कळदा तेथेच मुक्काम करतात. शिवाय ते रिकाम्या हाताने जात नाहीत. लाकूड, शेणी, पाचट, डिझेल, प्लास्टिक, तंबाखू यांपैकी काहीही अर्धवट जळाले, की बेंझोपायरीनसारखी कर्कजनक रसायने तयार होतात आणि या कणांना चिकटून आत शिरतात.

काजळी आणि कर्करोग यांचा संबंध काही आजचा नाही. लंडनमधील धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे विशिष्ट प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो, हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच लिहून ठेवले होते. ती मुले गरिबाघरची होती, धुराडी श्रीमंतांची होती. या नोंदीकडे पुरेसे लक्ष जाण्यास किती पिढ्या गेल्या, हा इतिहास वाचताना आपल्या समाजातील वाचकांना फारसे आश्चर्य वाटणार नाही.

रसायने पेशीच्या गाभ्यातील जनुकांवर आघात करतात, त्यांत बिघाड होतो आणि बिघडलेली पेशी बेबंद वाढू लागते, असे कर्करोगाचे स्पष्टीकरण आम्ही महाविद्यालयात शिकलो. ते खरेच आहे. परंतु ते अपुरे होते, असे आता दिसते. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेतील चार्ल्स स्वँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मांडलेले आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन या दृष्टीने मला फार महत्त्वाचे वाटते. निरोगी माणसांच्या फुप्फुसांतही वयोमानानुसार जनुकीय बिघाड असलेल्या काही पेशी असतात, असे त्यांना आढळले. त्या निपचित पडून असतात. बहुतेकांच्या बाबतीत जन्मभर तशाच राहतात. मात्र सूक्ष्म कण फुप्फुसात साचू लागले, की त्यांना गिळण्यासाठी शरीराच्या संरक्षक पेशी धावून येतात. त्यांच्यातून दाह निर्माण करणारी द्रव्ये पाझरतात आणि त्या दाहामुळे निपचित पेशी जाग्या होऊन वाढू लागतात. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर तणाचे बी जमिनीत आधीच पडलेले असते. धूर हा त्याला मिळालेला वळीव पाऊस. कधीही धूम्रपान न केलेल्या माणसाला हा रोग का होतो, याचे बरेचसे उत्तर येथे सापडते.

‘फुप्फुसांचा कर्करोग म्हणजे बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग’ ही समजूत मुळात चुकीची नव्हे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये इंग्लंडमध्ये हा संबंध दाखवून दिला आणि त्यानंतर त्याविषयी शंका उरली नाही. धूम्रपान करणाऱ्यास हा कर्करोग होण्याचा धोका न करणाऱ्याच्या तुलनेत १५ ते ३० पट असतो. निपाणीचा तंबाखू आणि बिडी आपल्या भागाला शेजारची आहे. ‘बिडी म्हणजे पानात गुंडाळलेला चिमूटभर तंबाखू, तिने काय होणार’ असे म्हणणारी वडीलधारी मंडळी आजही भेटतात. बिडी वारंवार विझते म्हणून जोराने ओढावी लागते आणि तिचा डांबरी अंश सिगारेटहून कमी नसतो, हे त्यांना सांगावे लागते. त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांनाही सूट नाही. दुसऱ्याच्या धुरात वर्षानुवर्षे राहणाऱ्याचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. बिडी ओढत नाही म्हणजे हा रोग होणार नाही, असे माणसे धरून चालतात आणि कधी कधी डॉक्टरही धरून चालतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील सुमारे पाचशे रुग्णांच्या एका पाहणीत (ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली) निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे निघाले. जगभरात २०२२ या एका वर्षात फुप्फुसांच्या कर्करोगाचे सुमारे २५ लाख नवे रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे १८ लाख माणसे त्याने दगावली; भारतातील नव्या रुग्णांचा अंदाज ८१ हजारांच्या पुढे आहे. या गर्दीत बिडीला कधी हात न लावलेल्या अनेक मावशी आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समधील लिऑन येथे आहे. कोणत्या गोष्टीने कर्करोग होतो, याच्या पुराव्याची छाननी करून ती प्रत्येक गोष्टीला श्रेणी देते. तिने २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा पहिल्या श्रेणीत, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या गोष्टींत, घातली. तंबाखूचा धूर त्याच श्रेणीत आहे. श्रेणी एक म्हणजे धोका सारखा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ती श्रेणी पुराव्याच्या पक्केपणाची आहे, धोक्याच्या आकाराची नाही. हवेतील सूक्ष्म कण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले, तर फुप्फुसांच्या कर्करोगाचा धोका साधारण ९ टक्क्यांनी वाढतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसते. बिडीच्या मानाने हे थोडे वाटते. परंतु बिडी काही जण ओढतात, हवा सगळेच घेतात, तान्ही मुलेही.

घरात कोळसा जाळल्याचा धूर पहिल्या श्रेणीत आहे. लाकडाच्या धुराला त्याच संस्थेने ‘बहुधा कर्कजनक’ अशी दुसऱ्या श्रेणीतील वरची जागा दिली आहे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सभांतून बोलताना ‘चूल म्हणजे कर्करोग’ असे सरळ समीकरण मांडण्याचा मोह होतो. चुलीच्या धुराने दीर्घकालीन दमा-खोकला, लहान मुलांचा न्यूमोनिया आणि हृदयविकार बळावतात, याचा पुरावा भक्कम आहे; कर्करोगाचा पुरावा त्या दिशेने निर्देश करतो, पण तितका पक्का नाही. म्हणून मावशींना हा रोग चुलीनेच झाला, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. एका माणसाच्या बाबतीत असे कोणालाच सांगता येत नाही. हजार माणसांत किती जणांना तो अधिक झाला, एवढेच मोजता येते आणि तेवढे मोजले गेले आहे.

असे सर्वांत बोलके मोजमाप चीनच्या युन्नान प्रांतातील श्वानवेई या शेतकऱ्यांच्या भागात झाले. तेथील स्त्रिया तंबाखू जवळजवळ ओढत नसत, तरी त्यांच्यातील फुप्फुसांच्या कर्करोगाचे प्रमाण चीनमध्ये सर्वाधिक असलेल्यांपैकी होते. घराच्या मध्यभागी खड्डा, त्यात धुरकट कोळशाचा विस्तव आणि धुराला वाट नाही, अशी तेथील रीत होती. पुढे घरोघरी धुराडे असलेल्या चुली बसविण्यात आल्या. एकवीस हजारांहून अधिक शेतकरी स्त्री-पुरुषांची १९७६ ते १९९२ या काळातील माहिती तपासली, तेव्हा धुराडे बसविलेल्यांमध्ये कर्करोगाचा धोका पुरुषांत ४१ आणि स्त्रियांत ४६ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. कोळसा तोच, स्वयंपाक तोच. फक्त धुराला छपराबाहेर जाण्याची वाट मिळाली. फरक स्पष्ट दिसण्यास दहा वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे. फुप्फुसे उशिराने हिशेब देतात, दोन्ही बाजूंचा.

आपल्या देशात चुलीपुढच्या धुराचे मोजमाप प्रथम ज्यांनी गांभीर्याने केले, त्यांत कर्क स्मिथ हे नाव अग्रभागी येते. गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा मोजण्याची उपकरणे लावली आणि १९८३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोवर प्रदूषण म्हणजे शहर, कारखाना आणि मोटारी, अशीच कल्पना होती. भारतीय मानकाप्रमाणे चोवीस तासांत सूक्ष्म कणांची सरासरी घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटना तर २०२१ पासून १५ ची मर्यादा सांगते. बंद स्वयंपाकघरात लाकडाची चूल पेटली असता हा आकडा सहज कित्येक शेकड्यांत जातो.

आता नेसरीकडे वळू. घटप्रभेचे खोरे, पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर, प्रतापराव गुजरांच्या स्मारकाकडून येणारा वारा. आमच्या गावात कसले प्रदूषण, असे म्हणावेसे वाटणे साहजिक आहे. कोल्हापूर शहर केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानके न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत आहे. आपल्या गावाचे नाव अशा कोणत्याही यादीत नाही; पण हवा मोजणारी यंत्रे मुख्यत्वे शहरांत असतात, हेही त्याचे एक कारण आहे.

गावातला धूर ऋतूंप्रमाणे बदलतो. ऊस तुटला की पाचट पेटते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते आणि ते एका संध्याकाळी जाळून मोकळे होण्याची घाई असते. थंडीच्या दिवसांत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे धूर वर चढत नाही. गावावर पांघरुणासारखा पसरून सकाळपर्यंत थांबतो. गुऱ्हाळात काहिलीखालच्या चुलवणात चिपाडे सारणारा माणूस तासन्‌तास तोंडाजवळ धग आणि धूर घेतो. जळण कमी पडले म्हणून तेथे कोणी जुने टायर किंवा प्लास्टिक घातले, तर त्याच्या वाट्याला येणारे विष कितीतरी वाढते. आजरा-चंदगडकडून येणारी काजूची टरफले जळण म्हणून स्वस्त पडतात. त्यांच्या तेलकट धुराने घसा कसा धरतो, ते वापरणाऱ्यास विचारावे. ऊसतोडीला, वीटभट्टीला, गुऱ्हाळाला कोणाची माणसे जातात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

घराघरांत गॅस आला, ही मोठी गोष्ट झाली. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि पुष्कळ बायाबापड्यांना पहिले सिलिंडर मिळाले. परंतु दुसरे, तिसरे भरून आणण्याचा खर्च परवडत नाही. मग चहा गॅसवर, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवर, अशी वाटणी होते. ज्यांना चूल सोडता येत नाही, त्यांनी तिला धुराडे बसवावे, चूल भिंतीलगत खिडकीखाली घ्यावी, जळण आदल्या दिवशी वाळवून ठेवावे आणि लहान मूल मांडीवर घेऊन चुलीपुढे बसू नये. निर्धूर चुलीचा सरकारी कार्यक्रम १९८० च्या दशकात आला आणि कालांतराने बंद पडला. त्यातील अनेक चुलींची धुराडी साफ न केल्याने तुंबली. यंत्रणेने चूल दिली, देखभाल शिकविली नाही.

पाचटाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचे उत्तर आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या करण्याची पद्धत विकसित केली आणि त्यासाठी तिला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ज्यांना तेवढा खटाटोप नको, त्यांनी पाचट सरीत पसरून कुजू द्यावे. पाणी वाचते, तण दबते, जमिनीला सेंद्रिय अंश मिळतो. आमचे वर्गमित्र असलेले एक शेतकरी ही गोष्ट पहिल्या वर्षी उंदीर होतात म्हणून नाकारीत होते. तिसऱ्या वर्षी त्यांनीच शेजाऱ्याची काडेपेटी काढून घेतली.

लहानसहान धुरांचाही हिशेब असावा. बंद खोलीत रात्रभर जळणारी डासांची एक अगरबत्ती ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ मधील एका अभ्यासात आढळले. मच्छरदाणी तिच्याहून स्वस्त आणि निर्धोक आहे. विहारात मेणबत्ती व उदबत्ती लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. जुने सिमेंटचे पत्रे बदलताना ते फोडू किंवा करवतीने कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात आणि तेही पहिल्या श्रेणीतील कर्कजनक आहेत. मुंबई-पुण्यास स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांपुढे वाहनांचा आणि बांधकामांचा प्रश्न निराळाच आहे. त्यावर एकट्याने करण्यासारखे थोडे आणि एकत्र येऊन मागण्यासारखे पुष्कळ आहे.

आणि आता खोकला. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, कारण नसताना घटणारे वजन, बसलेला आवाज, एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया यांपैकी काहीही दिसले, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करावी. आपल्या भागात क्षयरोग अधिक, म्हणून डॉक्टरांचे लक्ष आधी तिकडे जाते आणि ते योग्यही आहे. परंतु एक्स-रेवरील डाग दोन्ही रोगांत सारखे दिसू शकतात. थुंकीत जंतू नाहीत आणि महिना-दीड महिना औषध घेऊनही उतार नाही, तर ‘आणखी काही असू शकेल का’ असे डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. सीटी स्कॅन, दुर्बिणीतून तपासणी आणि तुकडा तपासणी यांनी निदान पक्के होते. रोग लवकर सापडला, तर शस्त्रक्रियेने तो समूळ काढता येतो. उशिरा सापडला, तरी धूम्रपान न करणाऱ्या अनेक रुग्णांमध्ये ‘ईजीएफआर’ या जनुकातील बिघाड आढळतो आणि त्यावर नेमक्या गोळ्या आहेत. त्यासाठी तुकड्याची जनुकीय तपासणी आवर्जून मागावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात त्याची चौकशी करता येईल.

मागच्या खेपेस शाळेत आलो, तेव्हा स्वयंपाकघर गॅसवर चाललेले पाहिले, वर मोठा पंखा बसविलेला होता. वसतिगृहाच्या मागे मात्र पहाटे अंघोळीच्या पाण्यासाठी लाकडाची चूल पेटली होती आणि वारा पडलेला असल्याने तिचा धूर धाकट्या मुलांच्या खोलीत शिरत होता. मुख्याध्यापकांशी त्याच दिवशी बोलणे झाले. आमच्या तुकडीतील काही जणांनी सौर बंबासाठी वर्गणी सुरू केली आहे. छपराचे माप घेऊन झाले, दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे. तोवर ती चूल कुंपणापलीकडे हलविण्याचे ठरले आहे.